मनुष्यबळाची टंचाई आणि वृद्धाश्रमांतील दैनंदिन जीवन : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

वृद्धाश्रमाविषयीची मराठीतील चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते. मुलांनी आई-वडिलांना तेथे का पाठविले, हा तो प्रश्न होय. कुटुंबव्यवस्था, संस्कार, शहरीकरण, नोकरीनिमित्त होणारे स्थलांतर अशा अनेक अंगांनी त्याचा ऊहापोह झालेला आहे. परंतु वृद्ध व्यक्ती संस्थेत दाखल झाल्यानंतर तिचा दिवस कसा जातो, सकाळी अंघोळीला कोण नेते, घास कोण भरविते, रात्री हाक मारली असता कोण येते, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. या प्रश्नांची उत्तरे इमारतीच्या भव्यतेवर किंवा देणगीदारांच्या यादीवर अवलंबून नसतात. त्या क्षणी संस्थेत काम करणारे हात किती आहेत, यावर ती अवलंबून असतात.

येथे एक शब्दभेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य देशांत ‘नर्सिंग होम’ म्हणजे परावलंबी वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारी निवासी संस्था. महाराष्ट्रात मात्र ‘नर्सिंग होम’ म्हटले की खाजगी छोटे रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांपुढे येते व १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली प्रामुख्याने त्यांचीच नोंदणी होते. वृद्धांच्या निवासाची जबाबदारी आपल्याकडे वृद्धाश्रमावर येते. वृद्धाश्रमाची मूळ कल्पना मात्र शुश्रूषेची नव्हे, तर निवारा व अन्न यांची आहे. प्रश्नाचे मूळ या तफावतीतच आहे. निवाऱ्यासाठी आलेली व्यक्ती काही वर्षांत शुश्रूषेची गरजू होते. पण संस्थेतील माणसांची संख्या निवाऱ्याच्या हिशेबानेच राहते.

उद्दिष्टे :

१. वृद्धाश्रमातील मनुष्यबळाची गरज कशी ठरते, हे स्पष्ट करणे.
२. मनुष्यबळाच्या टंचाईचा वृद्धांच्या दिनक्रमावर होणारा परिणाम समजून घेणे.
३. जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या परिस्थितीत या टंचाईची कारणे शोधणे.
४. उपाययोजना सुचविणे.

व्याप्ती व पद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो जनगणना, कायदे, शासकीय योजना व लेखापरीक्षण यांवर आधारित आहे. वेळेचे हिशेब उदाहरणादाखल मांडले असून ते कोणत्याही एका संस्थेचे नाहीत.

खानदेशातील पार्श्वभूमी :

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ व धुळे जिल्ह्याची २०,५०,८६२ होती. त्या वेळी महाराष्ट्रात साठ व त्यावरील वयाच्या व्यक्तींचे प्रमाण सुमारे ९.९ टक्के होते. हेच प्रमाण दोन्ही जिल्ह्यांना लावले, तर येथील ज्येष्ठांची संख्या तेव्हाच सहा लाखांच्या घरात जाते. त्यानंतरच्या काळात ती वाढलेलीच असणार.

कापूस व केळी यांवर उभ्या असलेल्या या प्रदेशातून सुरत, नाशिक, पुणे व मुंबईकडे जाणारा तरुणांचा ओघ जुना आहे. सुरतेच्या कापड उद्योगात खानदेशी कामगारांच्या वस्त्याच वसलेल्या आहेत. मागे राहिलेल्या आई-वडिलांकडे शेजारी, पुतणे, सुना असे कोणी ना कोणी बघत असते. हा आधार तुटला म्हणजे वृद्धाश्रमाचा विचार पुढे येतो.

महाराष्ट्र शासनाने स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम चालविण्यास अनुदान देण्याची योजना १९६३ पासून राबविली. १९९५ मध्ये ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आली. तीत शंभर वृद्धांच्या क्षमतेची व काही जागा सशुल्क, तर काही निःशुल्क ठेवण्याची कल्पना होती. जळगावनजीक सावखेडा येथे केशवस्मृती प्रतिष्ठानचा मातोश्री आनंदाश्रम आहे. पुढे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीचा कायदा २००७ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासन स्थापन करू शकेल, अशी तरतूद आहे. या हिशेबाने दोन जिल्ह्यांत मिळून तीनशे जागा होतात. सहा लाखांपुढे हा आकडा किती अल्प आहे, हे वेगळे सांगावयास नको. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब ही की, कायद्याने जागांची किमान संख्या सांगितली. त्या जागांमागे किती माणसे असावीत, हे मात्र सांगितले नाही.

मनुष्यबळाचे गणित :

“आमच्याकडे चोवीस तास माणूस असतो,” असे वाक्य अनेकदा ऐकू येते. त्याचा अर्थ गणिताने तपासून पाहावा लागतो. आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्यास एका जागेसाठी आठवड्याला एकवीस पाळ्या भराव्या लागतात. एक कर्मचारी साप्ताहिक सुटी सोडून सहा पाळ्या करतो. म्हणजे एकाच जागेसाठी साडेतीन माणसे लागतात आणि आजारपण, सणवार, लग्नकार्य यांच्या रजा धरल्या तर चार. चोवीस तास दोन सेविका हव्या असतील, तर हजेरीपटावर आठ नावे असावयास हवीत. जेथे चारच नावे असतात, तेथे रात्रीची पाळी एकटीवर येते किंवा एकच व्यक्ती बारा तास काम करते.

आता कामाकडे पाहू. समजा, एका वृद्धाश्रमात चाळीस निवासी असून त्यांपैकी पंधरा जणांना अंघोळीसाठी मदत लागते. पाणी काढणे, धरून नेणे, अंग चोळणे, पुसणे, कपडे घालणे यांस प्रत्येकी वीस मिनिटे धरली तरी पाच तास होतात. दोन सेविकांना सकाळी सहा ते नऊ या वेळेत मिळून सहा तास मिळतात. उरलेल्या एका तासात चहा, शौचास नेणे, ओल्या चादरी बदलणे, औषधे देणे ही कामे बसवावी लागतात. ती बसत नाहीत. एक सेविका रजेवर गेली की सहाचे तीन तास होतात आणि पंधरांपैकी निम्म्यांच्या अंघोळी त्या दिवशी राहून जातात.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, असे शुश्रूषाशास्त्र सांगते. दिवसाला ही बारा वेळा झाली. असे दहा जण असतील तर एकशेवीस वेळा. प्रत्येक वेळी पाच मिनिटे धरल्यास एकट्या या कामाला दिवसाचे दहा तास लागतात. शिवाय जड शरीर एकटीला उचलत नाही, दोघी लागतात. हे काम एका रात्री राहिले तर सकाळी काही दिसत नाही. ते आठवडाभर राहिले म्हणजे पाठीवर व कमरेवर जखमा दिसू लागतात.

दैनंदिन जीवनावरील परिणाम :

(अ) वेळापत्रक : माणसे कमी असली की वेळापत्रक वृद्धांच्या सवयीप्रमाणे न राहता कर्मचाऱ्यांच्या पाळीप्रमाणे आखले जाते. आयुष्यभर पहाटे उठून शेतात गेलेल्या माणसाला सकाळी लवकर अंघोळ व देवपूजा हवी असते. त्याचा क्रमांक अकरा वाजता लागतो. संध्याकाळचे जेवण दिवस मावळण्यापूर्वी उरकले जाते, कारण स्वयंपाकीण बाईंना घरी जावयाचे असते. मग रात्र लांबते, भूक लागते, झोप येत नाही.

(आ) शौच व पाणी : शौचाला नेण्यासाठी वाट पाहावी लागते, हे वृद्धाच्या लवकर लक्षात येते. त्यावर तो स्वतःच उपाय शोधतो, तो म्हणजे पाणी कमी पिणे. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, चक्कर, भ्रम या तक्रारी उद्भवतात. संस्थेच्या नोंदीत हा ‘आजार’ म्हणून लिहिला जातो; त्यामागील मनुष्यबळाचे कारण नोंदीत येत नाही. दुसरा मार्ग सर्वांनाच डायपर बांधण्याचा. ज्याला आधार दिल्यास चालता येते, त्यालाही डायपर बांधला की चालण्याची सवय मोडते व परावलंबन वाढते. थोडक्यात, टंचाईमुळे कामाचा जो भार उरकत नाही, तोच भार टंचाईमुळे आणखी वाढतो.

(इ) आहार : ज्वारीची वा कळण्याची भाकरी प्रत्येकी वेगळी थापावी लागते. चाळीस माणसांच्या भाकरीला दोन बायकांचा मोठा वेळ जातो. म्हणून माणूस कमी पडला की ताटात भाकरीऐवजी भात वा खिचडी येऊ लागते. दात नसलेल्यांना भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून द्यावी लागते व हात थरथरणाऱ्यांना भरवावी लागते. भरविण्यास सावकाशपणा लागतो. घाईने भरविलेला घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. न भरविल्यास ताट तसेच परत जाते आणि “जेवण कमी झाले आहे” एवढाच शेरा उरतो.

(ई) पडणे : हाकेला कोणी आले नाही म्हणजे वृद्ध स्वतःच उठतो. रात्रीची वेळ, ओली फरशी व मंद उजेड यांमुळे तो पडतो. या वयात खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे चालणे कायमचे थांबते. मग संस्थेतील अंथरुणाला खिळलेल्यांची संख्या एकाने वाढते.

(उ) संवाद : सर्वप्रथम गळते ते बोलणे. अंघोळ, जेवण, औषध यांची नोंद ठेवता येते, “आजी, काल झोप लागली का?” या प्रश्नाची नोंद नसते. त्यातच अनेक वृद्धांची भाषा अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी असते. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली प्रमाण मराठी आधी विसरते आणि घरची बोली टिकून राहते, असे पुष्कळदा दिसते. ती बोली समजणारी सेविका काम सोडून गेली की त्या व्यक्तीचे मागणे ‘बडबड’ ठरते.

(ऊ) परस्परसाहाय्य : टंचाईला वृद्ध नुसतेच बळी पडतात असे नव्हे. धडधाकट निवासी भाजी निवडतात, शेजारच्या खाटेवरील सोबत्याला पाणी देतात, कोणाला बरे नसल्यास हाक मारून सांगतात. हे काम त्यांना प्रतिष्ठाही देते. तथापि पंच्याहत्तर वर्षांच्या व्यक्तीने ऐंशी वर्षांच्या व्यक्तीला उचलणे, ही सोय म्हणून गृहीत धरता येत नाही.

प्रवेशाच्या अटीतून दिसणारी टंचाई :

अनेक वृद्धाश्रमांच्या प्रवेशनियमांत ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणारा’ अशी अट असते. वरकरणी ती कठोर वाटते. पण सेविकाच नसलेल्या संस्थेने लकवा झालेल्या व्यक्तीला दाखल करून घेणे हेही अन्यायाचेच ठरेल. परिणाम मात्र उलटा होतो. ज्याला संस्थेची सर्वाधिक गरज, त्यालाच दार बंद राहते. दाखल झालेली व्यक्ती पुढे परावलंबी झाली की तिला घरी न्यावे, असा निरोप नातेवाइकांना जातो. नातेवाईक नसल्यास शासकीय रुग्णालयाचा रस्ता धरला जातो.

नातेवाईक : न मोजलेले मनुष्यबळ :

जळगाव वा धुळे येथील शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात गेल्यास प्रत्येक खाटेशेजारी एक नातेवाईक दिसतो. तो स्ट्रेचर ढकलतो, तपासणीचे कागद आणतो, सलाईन संपत आले की सिस्टरांना बोलावतो, भांडे देतो, अंग पुसतो. परिचारिका, वॉर्डातील मामा व मावशी यांच्या अपुऱ्या संख्येवर रुग्णालय चालते, ते या विनावेतन मनुष्यबळामुळे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयातील सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक व इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात, भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या अहवालात राज्याच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत परिचारिकांची सुमारे ३५ टक्के तूट नोंदविलेली आहे.

नातेवाईक दूर झाला असता काय घडते, हे जळगावने जून २०२० मध्ये पाहिले. कोविड रुग्णालय म्हणून घोषित झालेल्या जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल असलेली ८२ वर्षांची एक महिला २ जूनपासून बेपत्ता असल्याचे सांगण्यात आले. १० जून रोजी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात आढळला. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. या घटनेचे सर्व कारण मनुष्यबळाच्या टंचाईत शोधणे योग्य होणार नाही. जबाबदारीचा प्रश्न वेगळा व स्वतंत्र आहे. परंतु एक गोष्ट तीतून ठळक होते. संसर्गाच्या भीतीने खाटेशेजारचा नातेवाईक बाहेर ठेवला गेला आणि त्याच्या जागी दुसरे कोणी आले नाही. एरवी शौचास गेलेली आजी दहा मिनिटांत परतली नाही, तर घरचे माणूस दार ठोठावते. येथे ते दार ठोठावणारे कोणी नव्हते.

वृद्धाश्रमात ही स्थिती अपवादाची नसून रोजची असते. तेथे खाटेशेजारी नातेवाईक नसतो, हेच त्या संस्थेचे लक्षण आहे. म्हणून रुग्णालयातील तूट जशी नातेवाइकांच्या श्रमातून भरून निघते, तशी वृद्धाश्रमातील तूट निघत नाही. ती वृद्धाच्या अंघोळीतून, पाण्यातून, झोपेतून आणि बोलण्यातून वसूल होते.

टंचाईची कारणे :

१. अनुदानाची पद्धत : राज्याच्या योजनेतील परिपोषण अनुदान प्रतिवृद्ध दिले जाते. त्यातून धान्य-किराण्याचा हिशेब बसतो. सेविकांचे वेतन देणगीवर सोडले जाते. देणगीदार खोली, पंखा, कूलर यांवर नाव कोरू शकतो. रात्रपाळीवर नाव कोरता येत नाही.

२. कामाचे स्वरूप : मलमूत्र काढण्याच्या कामाला समाजात प्रतिष्ठा नाही व त्यावर जातीची सावली आहे. हे काम बहुतेक गरीब घरांतील स्त्रिया करतात. कापूस वेचणीच्या हंगामात शेतात मजुरी उपलब्ध झाली की कमी वेतनाचे व बंदिस्त काम सोडण्याकडे त्यांचा कल होणे स्वाभाविक आहे.

३. कंत्राटी भरती : शासकीय सेवेतही स्थैर्य कमी होत आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला होता.

४. बाहेरील मागणी : प्रशिक्षित मुलींना नाशिक-पुण्याची खाजगी रुग्णालये अधिक वेतन देतात. आता परदेशांचीही भर पडली आहे. भारत व जपान यांच्यात कुशल कामगारांसंबंधी २०२१ मध्ये करार झाला. त्यात वृद्धशुश्रूषेचे क्षेत्र आहे. महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. तिकडील टंचाई इकडील हातांनी भरली जात असताना इकडील टंचाईचा विचार होणे अगत्याचे आहे.

निकषांचा प्रश्न :

जपानमधील विशेष वृद्धशुश्रूषागृहांत तीन निवासींमागे किमान एक शुश्रूषा कर्मचारी असावा, असा नियम आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रत्येक निवासीमागे दररोज किमान ३.४८ तास शुश्रूषा देण्याचा नियम करण्यात आला. परंतु संस्थाचालकांच्या विरोधानंतर २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने तो रद्द ठरविला. नियम कागदावर आणणे सोपे व त्यासाठी माणसे आणि पैसा उभा करणे कठीण, हा बोध त्यातून मिळतो. भारतात २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून वृद्धाश्रमांसाठी किमान मानके व नोंदणी आणणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होताच २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले.

उपाययोजना :

१. अनुदानाचे दोन भाग करावेत. एक परिपोषणासाठी व दुसरा केवळ सेवक-सेविकांच्या वेतनासाठी. वेतनाचा भाग परावलंबी निवासींच्या संख्येशी जोडावा.

२. प्रत्येक संस्थेने निवासींची स्वावलंबी, अंशतः परावलंबी व पूर्णतः परावलंबी अशी वर्गवारी दर तीन महिन्यांनी करावी. चाळीस निवासी हा आकडा काहीच सांगत नाही. चाळीसपैकी पंधरा परावलंबी, हे पुष्कळ सांगते.

३. जिल्हा परिषदेच्या व समाजकल्याण विभागाच्या तपासणीत खोल्या व स्वच्छता यांबरोबर रात्रपाळीचा हजेरीपट पाहिला जावा.

४. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व परिचर्या विद्यालये यांतील विद्यार्थ्यांना वृद्धाश्रमात पर्यवेक्षित प्रशिक्षण द्यावे. मात्र विद्यार्थी हे कर्मचाऱ्यांना पर्याय नव्हेत, हे भान ठेवावे.

५. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी फळवाटप व छायाचित्रे यांऐवजी ठरावीक वारी, ठरावीक वेळी येऊन बोलणे, वाचून दाखविणे, फिरावयास नेणे ही कामे घ्यावीत. बोली जाणणारा स्थानिक विद्यार्थी येथे विशेष उपयुक्त ठरेल.

६. सेविकांना अल्पमुदतीचे प्रशिक्षण, किमान वेतन, साप्ताहिक सुटी व आरोग्य तपासणी मिळावी. जड शरीर उचलून त्यांचीच कंबर जाते, ही बाब दुर्लक्षित आहे.

समारोप :

वृद्धाश्रमातील दुरवस्थेचे खापर कधी मुलांवर, कधी संचालकांवर, तर कधी मावशींवर फोडले जाते. वरील विवेचनावरून असे दिसते की, सद्भावना असलेल्या संस्थेतही हात अपुरे असतील तर अंघोळ चुकते, पाणी कमी पडते, रात्र लांबते व संवाद थांबतो. चार जणींनी आठ जणींचे काम करावे, ही अपेक्षा सेवाभावाच्या नावाखाली फार काळ चालत नाही. तिची किंमत शेवटी बोलू न शकणारा वृद्धच मोजतो. कुटुंबाने जे काम आजवर विनामोल व मुख्यतः स्त्रियांच्या श्रमावर केले, ते संस्थेकडे सोपविताना त्याचे मोल प्रथमच मोजावे लागत आहे. म्हणून यापुढे वृद्धाश्रमाची क्षमता खाटांच्या संख्येने सांगितली जाऊ नये. रात्री दोन वाजता हाक मारली असता किती जण उठून येऊ शकतात, त्यावरून ती ठरावी.